मंदाताईंचं उत्तर मी मध्येच तोडलं

तुमच्यापैकी जे कोणी कोणाला काही शिकवत असाल, त्यांनी हे वाचा. दुपारपासून माझा मलाच राग येतोय.

मी सॅक्सोफोनवर जॅझ वाजवतो आणि ठाण्यात, कोपरीला, घरीच शिकवतो. माझी पद्धत साधी आहे. आठ मात्रांचा तुकडा मी वाजवतो, तो प्रश्न. पुढच्या आठ मात्रांत समोरच्याने उत्तर द्यायचं. माझी नक्कल नाही, स्वतःचं.

कळव्याच्या मंदाताई पन्नाशीच्या पुढच्या. मुलीच्या लग्नात बँडवाल्याचा सॅक्सोफोन बघितला आणि शिकायला आल्या. पण उत्तर म्हणून कायम माझाच तुकडा परत वाजवायच्या. "सर, मला कुठे काय सुचतंय?"

आज सुचलं! हळदीच्या गाण्यासारखं काहीतरी झुलणारं, माझं अजिबात नसलेलं. फक्त ते आठ मात्रांत मावेना. आणि "चुकलं तरी थांबू नका" असं सगळ्यांना सांगणारा मी, चक्क हात वर करून म्हणालो, "मात्रा चुकली हो."

त्या लगेच थांबल्या. "सॉरी सर." आणि माझा तुकडा जसाच्या तसा वाजवला.

"अहो, हे नको. मघाचं वाजवा ना!"

"मघाचं कुठलं? ते असंच आलेलं सर. गेलं आता."

किती विनवलं, नाहीच आलं. निघताना चपला घालत खुशीत म्हणाल्या, "पण शेवटी मात्रा बरोबर आल्या ना, सर?"

मी हो म्हणालो. तुम्ही काय म्हणाला असतात?