मामंजी बसले की गाडी मुकी

आमचे मामंजी गाडी चालवताना कुणी रस्त्याच्या कडेला नुसतं उभं दिसलं तरी थांबतात, त्याला आधी जाऊ देतात आणि वर त्यालाच हात जोडतात. मागचे भोंगे वाजवून वाजवून बेजार, पण मामंजींच्या कपाळावर आठी नाही. रोपवाटिका त्यांनी उभी केली आणि कुंड्या घरोघरी पोचवायला पिकअपही त्यांनीच घेतली. तीसुद्धा ऑटोमॅटिक, कारण गुडघा क्लच दाबायला तयार नव्हता. विकणाऱ्याने सांगितलं, "काका, गिअरचा दांडा एकदा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, नेला की संपलं. मग त्याला उगाच हात लावायचा नाही." झालं! तेव्हापासून दांडा 'पी'वर गेला की मामंजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर.

आणि अशा सरळ माणसाला त्या गाडीने छळायला घेतलं. किल्ली फिरवली की समोरचे दिवे लागायचे, रेडिओ गायला लागायचा, पण इंजिन ढिम्म. साधा टक असा आवाजही नाही. मग हे, म्हणजे आमचे नवरोबा, मिशीत हसत यायचे, वडलांना बाजूला सरकवायचे, किल्ली फिरवायचे आणि गाडी चालू! रोज होत नसे, पण होई तेव्हा नेमकं मामंजींच्याच हातून होई.

"बाबा, दांडा गाडी चालवायच्या 'डी'वर राहिला असेल."

"नाही रे, 'पी'वरच होता."

"मग ब्रेक दाबला नसेल."

"दाबला होता रे बाबा."

"विसरता तुम्ही हल्ली."

हे 'विसरता हल्ली' पुढे पुढे उठता बसता सुरू झालं. चष्मा सापडला नाही, विसरता. भाजी अळणी लागते म्हणाले, विसरता. अहो, मीठ घालायला मी विसरले होते, त्यात मामंजींचा काय संबंध! शेवटी एका गिऱ्हाइकाच्या फाटकात गाडी अडली, मागे गाड्यांची रांग लागली, ह्यांना स्कूटर दामटत जावं लागलं. घरी आल्यावर ह्यांनी पिकअपची किल्ली स्वतःच्या खिशात घातली. "आता मीच चालवणार. उद्या भर चौकात काही झालं म्हणजे?" मामंजी कुंड्यांना पाणी घालायला निघून गेले. मी मात्र ह्यांना भरपूर सुनावलं. पण ह्यांचं एकदा ठरलं की कुणाचं ऐकतील तर शपथ.

पुढे एका दुपारी मी वाळत घातलेली पोती काढायला आवारात गेले, तर मामंजी पिकअपमध्ये बसलेले. किल्ली तर ह्यांच्या खिशात. मामंजी पुटपुटत होते, "पाय ब्रेकवर. दांडा 'पी'वर. मग किल्ली." आणि मोकळीच बोटं फिरवत होते. मग पुन्हा पहिल्यापासून. मी दिसले तसे चपापले.

"सूनबाई, खरं सांग. मी विसरतो का गं?"

मला रडू यायचं तर आला संताप. "काही विसरत नाही तुम्ही! ती गाडीच लबाड आहे!" म्हटलं आणि तरातरा जाऊन गॅरेजवाल्याला बोलावून आणलं, ह्यांनाही किल्लीसकट उभं केलं.

ह्या गॅरेजवाल्याला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात, कारण कुठलंही काम सांगा, तो तेवढंच म्हणतो. आधी त्याने बॅटरी नवी बसवली होती, इंजिनाला पहिला झटका देणारा स्टार्टरही नवा बसवला होता, आणि काहीही होऊन गेलं नव्हतं. मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हा कुठे त्याने डोकं खाजवत बॉनेट उघडलं, स्टार्टरला जाणारी बारीक वायर काढली आणि तिला एक छोटा दिवा जोडला.

"आता गाडी चालू होणार नाही, नुसता दिवा लागेल. लागला तर वीज येते, नाही लागला तर येत नाही. काका, फिरवा किल्ली."

मामंजींनी फिरवली. दिवा लख्ख. पुन्हा फिरवली, पुन्हा लख्ख. आता काय म्हणावं ह्या गाडीला! आम्ही ताटकळत उभे आणि ती आज शहाण्यासारखी वागायला लागली. हे म्हणाले, "बघ, नीट बसले की होतं." मी डोळे वटारले. चहा झाला, मामंजींनी फिरून एकदा किल्ली फिरवली आणि दिवा विझलेलाच राहिला. मामंजींचा चेहरा पडला, आणि हा गॅरेजवाला टाळ्या पिटतोय, "वा काका! फस्क्लास! स्टार्टरचा काही दोष नाही!"

"मग नवा कशाला बसवलास?" मी विचारलं.

"होऊन जातं वहिनी कधीकधी. दादा, आता तुम्ही बसा. कुणी काही हलवू नका."

हे ऐटीत बसले, किल्ली फिरवली, दिवा लागला. ह्यांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी पाहत होते ह्यांच्या दुसऱ्या हाताकडे. जुन्या टेम्पोची सवय! चालू करण्याआधी दांडा हलवून बघायचा, आणि मग त्यावर रेलायचं.

"अहो, तो हात काढा!"

"कुठला हात?"

"दांड्यावरचा!"

स्वतःचा हात कुठे आहे तेही ह्यांना ठाऊक नव्हतं. काढला, किल्ली फिरवली, दिवा बंद. दांडा रेटला, दिवा चालू. सोडला, बंद. गॅरेजवाला ओरडला, "सापडलं! आता न्यूट्रलला टाका." न्यूट्रलला हात न लावताही दिवा लागला. गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, दांडा 'पी'वर किंवा न्यूट्रलला आहे की नाही ते गाडीला सांगणारा. तो 'पी'च्या जागी आतून झिजला होता. दांडा रेटला तरच त्याला 'पी' कळायचं. म्हणजे दांडपटा चालवणाऱ्याची गाडी चालू, आणि सांगितलेलं पाळणारा विसरभोळा ठरला!

ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मामंजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला वाटलं, गेलं माझं डोकं. पार घाबरलो होतो रे मी." ह्यांनी मान खाली घातली.

नवा स्विच बसला. ह्यांनी खिशातून किल्ली काढून दोन्ही हातांनी वडलांपुढे धरली. मामंजी चढून बसले, हात स्टिअरिंगवर ठेवला, किल्ली फिरवली. गाडी चालू. बंद केली. पुन्हा चालू. बंद, पुन्हा चालू. हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"काका, बास! नवा स्टार्टर जाईल!" गॅरेजवाला ओरडला.

त्याला गप्प करायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हेच म्हणाले, "जाऊ दे गेला तर. फिरवा बाबा तुम्ही."