पडलेली बॅट कोणी उचलायची?

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. मुलीला सॉफ्टबॉलला घालायचं आणि ग्राउंडच्या पायऱ्यांवर बसायचं. पहिल्या अर्ध्या तासात फोनची बॅटरी संपते, दुसऱ्या अर्ध्या तासात एकमेकांच्या मुलींचं कौतुक संपतं, आणि त्यानंतर माणसं खरं बोलायला लागतात. कर्वेनगरातल्या आमच्या त्या पायऱ्यांवर दोन गोष्टी कायम मागे राहतात. मुलींच्या पाण्याच्या बाटल्या आणि पालकांची मतं. बाटल्या वॉचमन नेऊन देतो. मतं मी घरी आणते.

पायऱ्यांवर कुणाला स्वतःचं नाव नसतं. मी ‘ईराची आई’. ईरा अकरा वर्षांची, आणि मी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे काय काय बिघडू शकतं याचा आधी विचार करायचा आणि मग ते बिघडेपर्यंत बटणं दाबत बसायचं. या कामाचा पगार मिळतो. घरी हेच काम केलं की ‘आई, प्लीज’ मिळतं.

आमच्या पायऱ्यांवरचा सगळ्यात मोठा वाद एका बॅटचा आहे. सॉफ्टबॉलमध्ये मुलगी चेंडू मारते, बॅट तिथेच टाकते आणि पहिल्या बेसकडे पळत सुटते. बॅट पडते होम प्लेटपाशी, म्हणजे जमिनीतल्या ज्या पांढऱ्या पाटाशी उभं राहून चेंडू मारतात तिथे. आणि रन काढायला तिसऱ्या बेसवरून जी मुलगी जीव खाऊन पळत येते, तीही होम प्लेटलाच येते. बरोबर मागे अंपायर उभा असतो. दोन हात, दोन पाय, सगळं शाबूत. तर खेळ चालू असताना ती बॅट त्याने बाजूला करावी की नाही?

मला वाटायचं, यात विचारायचं काय आहे.

*

आमचे अंपायर म्हणजे जोगळेकर काका. बँकेतून रिटायर झालेले. काउंटरच्या त्या बाजूला जसे उभे असायचे तसेच होम प्लेटच्या मागे उभे असतात. आपण रांगेत चुकीच्या वेळी आलो आहोत असं समोरच्याला वाटावं, अशा पद्धतीने.

मी एकदा धीर करून गेले. म्हटलं, “काका, ती पडलेली बॅट तुम्ही पायाने जरा बाजूला सारलीत तर? मुलींचा पाय मुरगळेल हो.”

त्यांनी मास्क वर केला. “आपण काय करता?”

“टेस्टिंग. सॉफ्टवेअरचं.”

“दुसऱ्याने केलेली चूक सापडली, की आपण ती दुरुस्त करता?”

“नाही. ज्याची चूक त्याला कळवते.”

“मीही कळवतो,” ते म्हणाले. “‘बॅट नीट टाका.’ रिटायर व्हायच्या आधीपासून कळवतोय.” आणि मास्क खाली आला. काउंटर बंद.

*

मग कोल्हे मैदानात उतरले. कोल्हे म्हणजे गार्गीचे बाबा, अकोल्याकडचे, एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर.

“काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या, ईराची आई?” ते म्हणाले. “याले फक्त प्रोसेस पाहिजे.”

रात्री पालकांच्या ग्रुपवर त्यांचं प्रेझेंटेशन आलं. होम प्लेटचं चित्र, बॅट कुठे कुठे पडू शकते त्याची वर्तुळं, लाल, पिवळी, हिरवी. शेवटच्या स्लाइडवर एक कोष्टक. धोका : बॅट. परिणाम : गंभीर. उपाय : बॅट उचलणे. जबाबदार व्यक्ती : पुढच्या मीटिंगमध्ये ठरवू.

सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला, शिवाय हात जोडले. पुढच्या मॅचला बॅट जिथे पडायची तिथेच पडली आणि आम्ही सगळे पायऱ्यांवरून तिच्याकडे अत्यंत जागरूकपणे बघत राहिलो.

सनाचे अब्बू शेखभाई यांचं स्वारगेटजवळ हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणाले, “एक फरक पडला हं कोल्हेसाहेब. आधी ती नुसती बॅट होती. आता मंजूर झालेली बॅट आहे.”

*

शेखभाई बोलून थांबणाऱ्यांतले नाहीत. पुढच्या शनिवारी ते दुकानातून चुन्याची फक्की घेऊन आले आणि होम प्लेटपासून चार हात लांब त्यांनी एक चौकोन आखला. सुबक. कडा अशा सरळ, की सोसायटीच्या पार्किंगला लाज वाटावी. मुलींना सांगितलं, “चेंडू मारला की बॅट या चौकोनात टाकायची. झालं. अंपायरलाही त्रास नाही, ईराच्या आईलाही नाही.”

मुली शहाण्या. सांगितलेलं ऐकणाऱ्या. पहिल्या मुलीने चेंडू मारला, चौकोन शोधला, बॅट टाकली, ती रेषेवर पडली म्हणून परत येऊन आत सरकवली आणि मग पळाली. तोवर चेंडू पहिल्या बेसला पोहोचून तिची वाट बघत होता. दुसरीचंही तेच. तिसरी बॅट ठेवून नमस्कारच करणार होती.

सगळ्या आउट.

जोगळेकर काका शांतपणे चौकोनाभोवती एक फेरी मारून आले. “पार्किंग उत्तम झालंय,” ते म्हणाले. “आता गाड्या तेवढ्या निघायला हव्यात.”

*

हे सगळं मी घरी निखिलला सांगितलं. निखिल माझा नवरा. तो तेव्हा बेडरूममधून किचनकडे येत होता आणि मधे त्याचाच ओला टॉवेल जमिनीवर पडला होता. बोलता बोलता, खाली न बघता, एका ढांगेत त्याने टॉवेल ओलांडला. चहाचा थेंबही सांडला नाही.

“उगाच काळजी करतेस,” तो म्हणाला. “वाटेत काही पडलेलं असलं तर माणूस आपोआप ओलांडतो. निसर्गच आहे तो.”

मी टॉवेल उचलला. हाही निसर्गच असावा, पण तो एकाच माणसाला का दिलाय, ते मात्र मला अजून समजलेलं नाही.

*

बॅट उचलणारा अंपायरही आम्ही बघितला आहे. खराडीला एका मॅचला गेलो होतो, तिथे एक तरुण अंपायर होता. गोड मुलगा. बॅट पडली की वाकायचा, उचलायचा, बाजूला ठेवायचा. मी त्याच्यावर इतकी खूश, की त्याच्या आईचा फोन नंबर मागावा असं वाटलं.

चौथ्या डावात तो असाच वाकला. त्याच क्षणी गार्गी होम प्लेटवर घुसली, तिकडच्या कॅचरने, म्हणजे प्लेटमागे चेंडू पकडणाऱ्या मुलीने, तिच्या पाठीला चेंडू लावला (प्लेटला पाय लागायच्या आत चेंडू लागला तर आउट), धूळ उडाली आणि दोन्हीकडचे पालक एकदम उभे राहिले. “सेफ!” “आउट!”

मुलगा बॅट हातात घेऊन सरळ झाला. सगळं ग्राउंड त्याच्या तोंडाकडे बघतंय. तो प्रामाणिकपणे म्हणाला, “मी बघितलं नाही. मी बॅट उचलत होतो.”

मग जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. कोल्हेंची मूळ वऱ्हाडी त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पूर्ण ऐकली.

जोगळेकर काका प्रेक्षक म्हणून आले होते. परत येताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “झाडलोट छान होती. मॅच कोण बघत होतं?”

मी म्हटलं, “एखादा निर्णय चुकला तर चालेल काका, पाय मोडण्यापेक्षा.”

“कुणाचा पाय मोडला?”

“अजून नाही.”

“हं,” ते म्हणाले. त्या एका ‘हं’मध्ये काय काय होतं, ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

*

आता आमच्या सरांबद्दल. सर कोच आहेत आणि पालकांशी बोलत नाहीत. त्यामुळे ते एकदा पायऱ्यांपाशी आले तेव्हा आम्ही सगळे शाळेतल्यासारखे उभे राहिलो.

“ईराची आई कोण?”

मी हात वर केला. खरंच केला.

“मुलगी चांगली पळते,” सर म्हणाले. “पण होमजवळ आली की मान खाली घालते. जमिनीकडे बघते. वेग जातो. गेल्या वर्षी तेवढ्यावरच टीममधून राहिली. का बघते?”

मी म्हटलं, “कोण जाणे, सर.”

शेखभाईंनी घसा साफ केला. “सर, ईरा तिसऱ्या बेसवरून निघाली की एक आवाज येतो. ‘ईरा, बॅट! ईरा, खाली बघ!’ माझ्या दुकानात गिऱ्हाईकं विचारतात, कर्वेनगरला काय झालं.”

सर माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखाद्या दुखापतीकडे बघतात तसे.

त्या रात्री ईराने मला अट घातली. मॅचला यायचं तर ये. पण तोंड उघडायचं नाही. “मला या वर्षी टीममध्ये जायचंय, आई. आणि मला खाली काय पडलंय ते दिसतं.”

“आणि नाही दिसलं तर?”

“तर पडेन ना.”

हे तिने इतक्या सहज सांगितलं, की माझ्याकडच्या सगळ्या शक्यतांमध्ये ही एक राहूनच गेली होती हे माझ्या लक्षात आलं. ती पडेल आणि उठेल.

*

जिल्ह्याची टीम निवडायची मॅच रविवारी सकाळी होती, आमच्याच मुलींचे दोन संघ करून. सरांची निवडीची पद्धत सगळ्या मुलींना पाठ आहे. खेळ चालू असतानाच ते सांगून टाकतात. घेतलं असेल तर ‘चालेल’. नसेल तर ‘बघू’. गेल्या वर्षी ईराला ‘बघू’ मिळालं होतं आणि ती आठवडाभर जेवताना वर बघत नव्हती.

मी ठरल्याप्रमाणे गप्प बसले होते. म्हणजे बोलत नव्हते. पण पहिल्याच डावात बॅट होमच्या वाटेत आडवी पडली आणि माझ्या तोंडून नुसता श्वास निघाला. तो जोगळेकर काकांपर्यंत गेला. ते खेळ थांबवून पायऱ्यांपाशी आले, मास्क काढला आणि माझ्यापुढे धरला.

“घ्या.”

“काय?”

“गुडघा दुखतोय माझा. तुम्हाला नियम पाठ आहेत. भांडून भांडून झालेत. उभ्या राहा. मुलींची आपापसातली मॅच आहे, कोणी हरकत घेणार नाही. शिवाय मास्क आहे, तोंडही झाकलं जाईल.”

कोल्हे म्हणाले, “ना बाप्पा, त्यांची स्वतःची पोरगी खेळून राहिली.”

“म्हणूनच,” काका म्हणाले. मला एवढंच सांगितलं, “हात पाठीमागे. डोळे पुढे. बॅट ही वस्तू जगात नाही असं समजायचं.”

होम प्लेटच्या मागून खेळ वेगळाच दिसतो. पायऱ्यांवरून मला नेहमी फक्त बॅट दिसायची. इथून सना कॅचर म्हणून पुढ्यात बसलेली, चेंडू येताना दिसतो, मुलींचे श्वास ऐकू येतात. मी दोन डाव हात पाठीमागे बांधून काढले. बॅट पडत होत्या, मुली पळत होत्या, कोणी मरत नव्हतं. काकांचा मास्क घामेजला होता आणि मला चक्क मजा यायला लागली होती.

शेवटच्या डावात ईरा तिसऱ्या बेसवर आली. बॅटिंगला गार्गी. गार्गीने चेंडू सणसणीत मारला, बॅट फेकली आणि पळाली. बॅट गरगरत गेली आणि ईराच्या बरोबर वाटेत आडवी झाली.

ईरा निघाली. मान वर, नजर समोर, सरळ होमवर. अशी पळताना मी तिला कधी बघितलीच नव्हती. ती खाली बघत नव्हती. अजिबात बघत नव्हती.

माझे हात पाठीमागून कधी सुटले ते मला सांगता येणार नाही. मी पुढे गेले, वाकले, बॅट उचलली आणि सरळ झाले, तर ईरा माझ्या अंगावर आलेली. तिच्या वाटेत आता बॅट नव्हती. मी होते. धडक चुकवायला तिने मला वळसा घातला, प्लेटवर पडायचा पाय वीतभर बाहेर पडला, ती गुडघ्यावर आली, आणि तेवढ्यात आलेला चेंडू सनाने तिच्या खांद्याला लावला.

सनाने ग्लोव्हमधला चेंडू दाखवत मान वळवली. “काकू?” ती हळूच म्हणाली. “सांगा ना.”

मी पायऱ्यांकडे बघितलं. जोगळेकर काका आपला गुडघा चोळत होते. त्या गुडघ्याला काही झालं नव्हतं हे मला आता दिसत होतं, पण ते वर काही बघेनात.

मी सगळं बघितलं होतं. नेमकं, अगदी जवळून.

“आउट,” मी म्हटलं.

तिसऱ्या बेसपाशी सर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ओरडून म्हणाले, “ईरा, पळणं चालेल. टीममध्ये चालेल.”

ईराने गुडघ्यावरची माती झटकली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल, किंवा ‘आई, प्लीज’ म्हणेल. मी मास्क वर करायला गेले, पण एका हातात ती बॅट अजून घट्ट धरलेली होती.

तिने बॅटचं दुसरं टोक धरलं.

“अंपायर,” ती म्हणाली, “ही बॅट देता का? पुढच्या मुलीला खेळायचंय.”