न भाजणारा हात

लॉन्ड्रीत त्याला सगळे चिमटा म्हणत. हे नाव त्याला तरुणपणीच पडले, असे तिथली माणसे आता सांगतात. पण ते खरे नव्हे. तरुणपणी त्याचा हात इतरांसारखाच भाजत असे, आणि भाजला की तोही इतरांसारखाच इस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. नाव आले ते पन्नाशी ओलांडल्यावर. प्रेसखाली एका कोटाचे पितळी बकल अडकून तापले होते. दोघे जण फडके शोधत होते, तेवढ्यात याने ते दोन बोटांत धरले आणि शांतपणे बाजूला ठेवले. बघणाऱ्यांनी तोंडात बोटे घातली. "हात आहे की चिमटा?" असे कोणीतरी म्हणाले, आणि नाव चिकटले.

त्याला ते आवडले. नवा माणूस कामाला लागला की त्याच्यापुढे हा खेळ होई, आणि कोणाला चटका बसला की हा त्याला "लोण्याचे हात" म्हणून चिडवी. त्याच्या रक्तात साखर आहे हे साऱ्यांना ठाऊक होते. एवढी साखर असून तोंड मात्र कडूच, असे मालक म्हणे. गोळ्या तो आठवतील तेव्हा घेई. हात भाजत नाही याचा साखरेशी काही संबंध असेल, ही शंका कोणाच्याही मनाला शिवली नाही. लॉन्ड्रीच्या लेखी तो कामाने मुरलेला हात होता.

त्या हिवाळ्यात गारठा जरा जास्तच होता. टेबलाखालून वाफेचा नळ गेला होता. चप्पल काढून डावा पाय त्यावर टेकवायची त्याला सवय लागली. एका संध्याकाळी घरी आल्यावर मोजा निघेना. बायकोने पाणी घालून तो सोडवला, तेव्हा मोज्याबरोबर कातडीही आली.

"दुखत नाही का हो?" तिने विचारले.

"छे, मुळीच नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चक्क ऐट होती.

आधी तिने पायाकडे पाहिले, मग त्याच्या हाताकडे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला डोळे मिटायला लावले. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकला की "हो" म्हणायचे, एवढेच काम होते. पहिल्या दोन खेपा तो गप्पच राहिला. मग त्याने शक्कल लढवली: बाई वाकल्या की त्यांची खुर्ची कुरकुरत होती. खुर्ची कुरकुरली की तो "हो" म्हणू लागला, आणि आपण पास होत आहोत असे त्याला वाटले. डोळे उघडले तेव्हा धागा टेबलावर पडलेला होता. धागा लावणे आपण केव्हाच थांबवले होते, नुसत्या वाकत होतो, असे बाईंनी त्याला सांगितले. साखरेने पायाच्या नसा बधिर केल्या होत्या, रक्तही पुरेसे पोचत नव्हते, आणि हाताचीही तीच कथा होती. जखम भरेपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. लावला तर तो वाचेलच याची खात्री त्या देणार नव्हत्या.

"म्हणजे इतकी वर्षं टाळ्या पडल्या त्या ह्या दुखण्याला," बायको जिन्यात म्हणाली.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. खाट खिडकीशी ओढली गेली, आणि त्याचे बूट स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर गेले. खिडकीतून समोरची भिंत दिसे आणि भिंतीच्या टोकाशी लॉन्ड्रीच्या वाफेचा पांढरा झोत. झोत दाट झाला की जाड कापड चालू आहे, एवढे त्याला पडल्या पडल्या कळे. बायको दुपारी दोन घरचा स्वयंपाक करायला जाई आणि जाताना बाहेरून कडी लावू का असे विचारी. तो थट्टा समजून हसे. ती हसत नसे.

मालक एकदा येऊन गेला. टेबल रिकामे ठेवता येत नाही म्हणून नवा माणूस घेतला आहे, पण चिमटा आला की टेबल त्याचेच, असे त्याने बजावून सांगितले. त्यातले पहिले अर्धे वाक्यच तेवढे त्याच्या कानात राहिले. पाय वाचवायचा तर टेबल जाते आणि टेबल वाचवायचे तर पाय जातो, हे त्याला कळत होते. पण जाणारा पाय दुखत नव्हता. टेबल जाण्याचे मात्र दुखत होते.

एका दुपारी बायको गेल्यावर तो उठला. बूट हाताला येईनात, म्हणून त्याने तिच्या जुन्या रबरी चपला पायात कोंबल्या. जिना उतरणे फारच सोपे गेले. कळ आली असती तर तो पहिल्याच वळणावर थांबला असता, पण त्याला अडवायला अंगात कोणी उरलेच नव्हते.

लॉन्ड्रीत एकच गिल्ला झाला. चिमटा बायकोच्या चपला घालून पळून आला म्हणून सगळे खिदळले. नव्या माणसाने मुकाट्याने जागा दिली. त्याने एक सदरा घेतला. कॉलर, खांदे, बाह्या, सगळे पूर्वीसारखे हातातून गेले. सदरा टांगायला तो वळला, आणि त्याला फरशीवर दारापासून टेबलापर्यंत ओले लाल ठसे दिसले.

"कोणाला लागलं रे?" त्याने विचारले.

नव्या माणसाने नुसते त्याच्या पायाकडे बोट दाखवले.

पायाची दोन बोटे काढावी लागली. बाकीच्या पायाबद्दल डॉक्टरीणबाई अजून काही सांगत नाहीत.

आता बूट दारापाशीच असतात. ते लपवायची गरज बायकोला वाटत नाही. संध्याकाळी ती आरसा आणते, आणि दुसऱ्या पायाचा तळवा तो स्वतः न्याहाळतो. तिथे काही झाले तर ते त्याला डोळ्यांनीच कळणार असते. मग ती चहाचा पेला पुढे करते. तो हात पुढे नेतो आणि मध्येच थांबवतो.

"गरम आहे का?" तो विचारतो.

"आहे बराच," ती म्हणते आणि पेला खिडकीत ठेवते.

त्याची वाफ थांबेपर्यंत तो बघत बसतो.