घोंगडीवरून दिसलेलं छत

गोव्यातल्या जुन्या चर्चमध्ये बायकोला मागं टाकून शिरताना मी सवयीनं घंटेसाठी हात वर केला. घंटा नव्हतीच. मग केस सारखे केल्याचं दाखवलं, पण तेही फारसे उरलेले नाहीत.

आत मात्र त्या उंच, सोनेरी कमानींखाली आमची इंदापूरची अख्खी सहल थबकली. पुढं आमच्याच बसमधले एक आबा मान वर करून उभे होते. त्यांचं नाव मी विचारलंच नाही. शेजारी त्यांची म्हातारी होती, जन्मभर खुरपून कमरेत वाकलेली. सकाळपासून प्रत्येक देवळात तिला नुसती फरशीच दिसली होती.

गोव्याच्या उकाड्यातही खांद्यावर असलेली घोंगडी आबांनी बाकावर अंथरली. "नीज हितं."

"लोक हसत्याल की!"

"हसू दे. खाली लई बघितलंस. आता वर बघ."

ती आडवी झाली. रखवालदार लगबगीनं आला आणि तिचा चेहरा बघून तसाच मागं फिरला. तिनं पडल्यापडल्याच हात जोडले.

"अवं, केवढं हाय हे!"

बाहेर आल्यावर मी बायकोचा हात धरला. ती म्हणाली, "माझी कंबर वाकायची वाट बघू नका. पुढच्या देवळात माझ्याबरोबर चाला, पुढं पळू नका."