लाडवांच्या डब्याखालचा कागद

अजूनही दुपारी डोळा लागला, की मला ती काचेची पेटी दिसते. आत माझा नातू. बाहेर सोलापूरचं ऊन, आत निळसर उजेड, आणि तो त्या उजेडात तरंगतोय.

आमच्या घरात पोटुशीला वाढताना हात आखडत नाहीत. डोहाळजेवणाला मी लेकीपुढे गोडाच्या पाच वाट्या मांडल्या आणि त्या रिकाम्या होईपर्यंत तिला पाटावरून उठू दिलं नाही. लेक आधीच माझ्या अंगाची. माझं अंग म्हणजे, रिक्षात माझ्याशेजारी दुसरं कुणी बसायला बघत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वजन जास्त आहे, साखरही चढतेय, खाणं सांभाळा. काय खायचं त्याचा कागदही दिला होता. बेसनाच्या लाडवांच्या डब्याला खालून तूप सुटायचं, म्हणून मी तो कागद डब्याखाली अंथरला.

"आई, तो कागद कुठाय गं?"

"आहे की जागेवर," मी म्हणायची. खोटं नव्हतंच ते.

नातू झाला तो चांगला सव्वाचार किलोचा. मी लगेच बार्शीला जाऊबाईंना फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "वजन किती?" आकडा सांगताना माझी मान अशी ताठ, जसं काही मीच बाळंत झाले होते.

फोन ठेवते तोवर बाळाला पेटीत नेलं होतं. श्वास भरभर चालला होता, रक्तातली साखर उतरली होती.

"अहो, एवढं भरलेलं बाळ, त्याला कसली कमी?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आईकडून भरपूर साखर यायची, ती जिरवायची सवय त्याच्या अंगाला लागलीय. नाळ कापली, साखर थांबली. सवय लगेच थांबत नाही. सावरेल, पण लक्ष ठेवावं लागेल."

दोन दिवस मी काचेबाहेर बसून होते. सिस्टर दर थोड्या वेळानं त्याच्या टाचेला बारीक सुई टोचायची. तो ओठ काढायचा आणि पुन्हा झोपायचा. काचेत माझा रुंद चेहरा त्याच्या गालांवर पडायचा. कुठले गाल त्याचे, कुठले माझे, कळायचं नाही. लेक भिंतीला धरून हळूहळू यायची, काचेला हात लावून उभी राहायची. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर म्हणाली, "टिकली बघा साखर. घ्या आजी, द्या त्याच्या आईकडं."

तो माझ्या हातात आला. उबदार, जड, झोपेत चुटूचुटू ओठ हलवणारा. लेकीनं त्याला छातीशी घेतलं आणि तो प्यायला लागला. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन.

"काय गं, आता वजन किती?"

"साखर बरोबर आहे," मी म्हणाले.

लेक तेव्हा पहिल्यांदा हसली. घरी जाऊन मी डबा उचलला. तुपानं कागद पारदर्शक झाला होता. उजेडाकडे धरला, तर प्रत्येक अक्षर लख्ख वाचता येत होतं.