मितोताईने घेतलेली परीक्षा

तोगुची मितोबद्दल आमच्या कराटे संघटनेच्या पुस्तकात एक ओळही नाही. हे कळलं तेव्हा मी ते पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. त्यात माझं नाव आहे, चांगलं फोटोसकट. म्हणून तर जास्त संताप आला.

मितोताई नाहा शहरातल्या माकिशी बाजारात टोफू विकायची. तिचे वडील आमचे कराटेचे सेन्सेई. दोन्ही मुलगे युद्धात गेल्यावर ते अंगणात एकटेच सराव करायचे. एके दिवशी सोळा वर्षांची मितो त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला हाकललं नाही. दीक्षा म्हणायची ती एवढीच.

सेन्सेईंकडे पहिली तीन वर्षं फक्त सान्चिन. सावकाश पुढे टाकायची पावलं, मग वळणं, पुन्हा पावलं. बघणाऱ्याला वाटावं, यात काय आहे? पण सगळं अंग आवळलेलं आणि श्वास पोटातून. त्यात शिकवणारा खांद्यांवर, मांड्यांवर तळहाताने सपासप मारून बघणार. श्वास तुटला की नापास. सेन्सेईंचे नियम दोनच. आपण होऊन हात उगारायचा नाही. आणि राग आला असेल त्या दिवशी परीक्षा घ्यायची नाही, चहा पीत बसायचं.

सेन्सेईंची कंबर गेली, त्यानंतर नऊ वर्षं परीक्षा मितोताईच घ्यायची. आम्ही बारा पुरुष तिच्या हातचा मार खाऊन तयार झालो. त्यात मी, आणि बस कंपनीतला साहेब इरेई सेइकेनही.

अडुसष्ट साली सेन्सेई वारले. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला आम्ही सगळे त्यांच्या घरी जमलो. देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या, ताटात डुकराचं मांस आणि कोंबूचं समुद्री शेवाळ. मितोताई चहा ओतत होती, तेवढ्यात इरेईने घसा खाकरला.

"संघटनेत आपल्या शैलीचं नाव घालायचं तर वारस दाखवावा लागतो. मी माझं नाव कळवलंय."

"कुणाचा वारस?" ताईने किटली खाली ठेवली.

"सेन्सेईंचा. ताई, वाईट वाटून घेऊ नका. टोक्योहून माणसं प्रात्यक्षिक बघायला येणार. बाईमाणूस पुढे उभं केलं तर हसतील."

"हसू देत की. ते हसले की तुझा श्वास तुटतो का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. इरेईचा चेहरा लाल झाला.

"सान्चिनही आखूड केलंय," तो म्हणाला. "मधली पावलं काढली. आणि ते अंगावर मारणं बंद. रानटी दिसतं."

"नऊ वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, तेव्हा नाही रे रानटी दिसलं?"

कोपऱ्यात सेन्सेईंचे वाळू भरलेले घट होते, काठ बोटांत धरून चालण्याच्या सरावाचे. त्यांच्याकडे हात करून इरेई म्हणाला, "हे आजच नेतो. ट्रक आणलाय."

ताईने आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे, सावकाश. अकरा जण होतो. मी ताटातल्या मांसाकडे बघत बसलो. त्या बघण्याची लाज मला अजून सोडत नाही.

"ने," ती म्हणाली. "पण वारस ना तू? मग चल अंगणात. सान्चिन कर. पूर्ण."

सगळ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. इरेईने सदरा काढला. पहिला फटका खांद्यावर पडला, तो हलला नाही. दुसरा मांडीवर, तरी नाही. खोटं कशाला बोलू, गडी तयारीचा होता. पण वळताना त्याने आमच्याकडे बघून ओठ मुरडले, बघा कशी जिरवतो, अशा थाटात.

पुढचा फटका बरगडीवर बसला. त्या हाताचा आवाज मी नऊ वर्षं ऐकला होता. हा तो नव्हता. इरेई गुडघ्यावर आला आणि खोकत राहिला.

मितोताई आपल्या तळहाताकडे बघत उभी होती. मग ती जमिनीवर बसली, हात टेकून वाकली. "ही परीक्षा नव्हती, सेइकेन. मी तुला मारलं. चुकले मी."

मग ती उठली. "आता तुझे घट उचल आणि चालता हो."

त्याने घट नेले. आठवड्यात संघटनेकडे त्याचं पत्र गेलं, या बाईने आपण होऊन हल्ला केला, हिचा शैलीशी संबंध नाही. खाली साक्षीदारांच्या सह्या. अकराच्या अकरा.

चार वर्षांनी मी तिच्या दुकानी गेलो. "ताई, मला पुन्हा शिकवाल?"

"शिकलायस की सगळं. तोंड उघडायचं तेवढं राहिलं," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

ती टोफूच्या कारखान्यामागच्या अंगणात बाजारातल्या बायकांना शिकवत राहिली. सगळी पावलं, एकही न गाळता. मात्र परीक्षेचा फटका तिने स्वतः पुन्हा कधी मारला नाही. एकीला दुसरीची परीक्षा घ्यायला लावायची, आपण बाजूला उभी राहायची.

वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी ती गेली. अंत्यविधीला इरेईने माणसाएवढं उंच पुष्पचक्र पाठवलं, वर संघटनेचं नाव मोठ्या अक्षरांत. ताईची थोरली शिष्या, कामे नावाची मासे विकणारी, ते वाचून वळली.

"उचला गं हे," ती म्हणाली. चौघींनी ते धरलं. मीही पुढे झालो.

"तुम्ही राहू द्या," कामे माझ्याकडे न बघता म्हणाली.

त्यांनी ते बाहेर नेऊन रस्त्याच्या कडेला ठेवलं, कचऱ्याच्या पिशव्यांशेजारी.