मामाची बहीण

बाईंच्या पोटी मूल नव्हतं, पण हाताखाली कायम चाळीस-पन्नास असायची. बालगृहाच्या त्या मुख्य. रागीट म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं आणि प्रेमळ म्हणूनही नाही. त्यांची ख्याती एकाच गोष्टीची होती: कोणालाही झुकतं माप नाही. सफरचंद कापायला बसल्या तर फोडी अशा सारख्या पडायच्या की तराजूने लाजावं. एखादं पोर गळ्यात पडायला आलं तर त्याला हलकेच बाजूला करून त्या पुढच्याच्या डोक्यावर हात ठेवत. एकाला जवळ घेतलं की मागे रांग लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग वरून हुकूम आला, की मुलांनी संस्थेत वाढू नये, घरात वाढावं. बाईंनी नाक मुरडलं.

"घराला काय सोनं लागलंय?" त्या म्हणाल्या. "घरातूनच तर येतात ही सगळी इथे."

पण हुकूम तो हुकूम. कोणी मावशीकडे गेलं, कोणी आजोबांकडे, कोणी अनोळखी पण भल्या कुटुंबांत. शेवटी राहिली भिंगरी. तिला दोन घरांनी नेऊन परत आणून सोडलं होतं. एक म्हणालं फार बोलते, दुसरं म्हणालं तोंडातून अक्षर काढत नाही. आपल्या दुकानातला माल कोणी नावं ठेवून परत करावा, तसा बाईंचा पारा चढला.

"राहू दे. मीच नेते हिला," त्या म्हणाल्या, आणि बोलून बसल्या.

बाईंचं आजवरचं घर म्हणजे बालगृहच, तेही आता बंद; नेणार कुठे, तर भावाच्या घरी. बाईंचा धाकटा भाऊ विधुर होता. खाली चाव्या बनवायचं दुकान, वर दोन खोल्या. अख्ख्या जगात बाईंना न घाबरणारा हा एकच प्राणी. पहिल्याच दिवशी त्याने नात्याचा प्रश्न निकालात काढला आणि भिंगरीला सांगितलं, की मला मामा म्हणायचं. बाई म्हणाल्या, मला बाईच म्हण, जिभेला वळण आहे.

पहिले काही दिवस त्या घरात बालगृहच नांदत होतं. बाईंचा हात मोठ्या पातेल्यांना सरावलेला, त्यामुळे पहिल्या भातात शेजारची दोन घरं जेवली. सकाळी त्या टाळ्या वाजवत दोन्ही खोल्यांतून फिरत आणि न्हाणीघरापुढे रांग लावत. रांगेत माणसं दोनच. पुढे खांद्यावर टॉवेल टाकलेला मामा, मागे भिंगरी. मागची मुलगी ढकलते, अशी मामा गंभीर चेहऱ्याने तक्रार करी आणि बाई तितक्याच गंभीरपणे भिंगरीला एक पाऊल मागे सरकवत.

भिंगरीची अडचण वेगळीच होती. बालगृहात तिच्याकडे सहसा कोणी बघत नसे. इथे तिच्या हातून चमचा पडला तरी दोन मोठी माणसं ताडकन उठत. आपल्यावर कोणाचं एवढं लक्ष असायची तिला सवय नव्हती. शाळेतून आली की ती दुकानातल्या टेबलाखाली, लोखंडाच्या किसात जाऊन बसे. मामा वरून गिऱ्हाइकांशी बोले, तिला काही विचारत नसे. बाई जिन्यावरून हाका मारत आणि ओ आली नाही की मनातून खट्टू होत. एवढ्या मुलांनी आपल्याला कधी टाळलं नाही, ही एकटी टाळते, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

अशात एक दिवस आरसा फुटला. बाईंनी जेवायच्या वेळी विचारलं, कोणी फोडला. भिंगरी भात कालवत राहिली. मामा ताटात डोकं घालून बसला.

"कोणी कबूल होणार नसेल तर सगळे उभे राहतील," बाई सवयीने बोलून गेल्या.

भिंगरी उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मामाही निमूट तिच्या शेजारी गेला. मग भिंगरीने मान वळवून बाईंकडे पाहिलं.

"सगळे," ती म्हणाली.

नियम बाईंचाच होता. त्याही उठल्या. तिघं भिंतीकडे तोंड करून उभे आणि मागे भात गार होतोय. थोड्या वेळाने मामाच्या गुडघ्याने करकर आवाज केला, तशी भिंगरी खुदकन हसली. आणि हसता हसताच रडायला लागली.

"मीच फोडला," ती म्हणाली. "तिथे सांगावं लागायचं नाही. खूप जणं असायची, कोणीही असू शकायचं. आता परत पाठवणार मला?"

बाईंनी तिला खांद्याला धरून भिंतीपासून वळवलं.

"आरशापायी कोणी माणूस परत पाठवतं का? जेवायला बस," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सवयीने दुसरा हात पुढचं डोकं शोधू लागला. पुढे मामाचं टक्कल होतं. मामाने मान वाकवून मोठ्या भक्तिभावाने आशीर्वाद घेतला. 

पुढे हुकूम काढणाऱ्या कार्यालयातून एक अधिकारी पाहणीला आल्या. घर आवडतं का, असं त्यांनी विचारलं. भिंगरीने भीडभाड ठेवली नाही. बालगृहात जास्त मजा होती, दिवे गेल्यावर सगळ्या मुली बोलत बसायच्या, इथे रात्री फक्त मामा घोरतो, असं तिने सांगून टाकलं. बाईंचं तोंड एवढंसं झालं. मग परत जावंसं वाटतं का, असं विचारल्यावर भिंगरी त्या पाहुणीकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. तिथे आता काय आहे, बाई तर इथे आहेत, असं ती म्हणाली.

"बरं, या तुझ्या कोण?"

भिंगरीने जरा विचार केला. "मामाची बहीण."

पाहुणीचं पेन थबकलं. मामा गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून खाली पळाला आणि त्याचं हसणं जिन्यातून वर येत राहिलं. बाईंनी विनाकारण कपबश्या आवरायला घेतल्या.

महिन्याभराने शाळेत पालकांची बैठक होती. आजवर बाई अशा बैठकांना पाच-सहा इयत्तांची मुलं घेऊन गेल्या होत्या आणि शिक्षकांच्या प्रत्येक तक्रारीला मान डोलावून आल्या होत्या. आपल्याच पोराची वकिली करणाऱ्या आया त्यांना मुळीच आवडत नसत. या खेपेला शिक्षिका म्हणाल्या, की मुलगी हुशार आहे, पण अक्षर वाचवत नाही. बाईंनी चष्मा लावला, वही हातात घेतली आणि अक्षर कसं टपोरं आहे, ओळी कशा भरगच्च आहेत, आणि वर्गात उजेडच कमी असेल तर वाचणाऱ्याला त्रास होणारच, हे सविस्तर समजावून सांगितलं. भिंगरी आ वासून ऐकत होती. आदल्याच दिवशी त्याच वहीला बाई कोंबडीचे पाय म्हणाल्या होत्या.

परत आल्यावर मामाने कानस खाली ठेवून विचारलं, "काय म्हणाल्या शिक्षिका?"

"चांगली आहे बिचारी," बाई म्हणाल्या. "पण तिला अक्षरातलं काही कळत नाही."